रेझ्युमे टाकला, पुढे काय?

नोकरीच्या साइटवर नाव नोंदवायला दहा मिनिटं लागतात आणि ते विसरून जायला एक आठवडा पुरतो! आपण पुन्हा पुन्हा यावं म्हणून या साइट्स काय काय करतात? आणि त्या सगळ्या खटपटीतून आपल्या पदरात काय पडतं? लोणावळा ते तळेगाव पट्ट्याच्या निमित्तानं घेतलेला हा धांडोळा.

लोणावळा म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? चिक्की, भुशी डॅम, टायगर पॉइंटवरची गरमागरम कांदाभजी आणि अर्थातच ऑफिसची ‘ऑफसाइट’! शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीहून नाहीतर बीकेसीहून बस निघते. शनिवारी ‘टीम बिल्डिंग’चे खेळ होतात. एरवी कपाळाला आठ्या घालून बसणारा बॉस अंताक्षरीत चक्क गातो वगैरे. आणि त्याच रात्री रिसॉर्टच्या खोलीत टीममधले दोघं-तिघं तरी पांघरुणात डोकं खुपसून मोबाइलवर आपलं प्रोफाइल ‘अपडेट’ करत असतात. नाही म्हणू नका, तुम्हीही केलं असेल!

गंमत म्हणजे, खाली रिसेप्शनवर रात्रपाळीला उभा असलेला मुलगाही कदाचित तेच करत असतो. तो मळवलीचा नाहीतर कामशेतचा. त्याला पुण्यातल्या मोठ्या हॉटेलात जायचंय. तुम्हाला बंगळुरूला जायचंय. दोघांच्या पगारात फरक, अपेक्षांत फरक, पण हातातला मोबाइल आणि त्यावरची ‘जॉब अॅलर्ट’ची टिंग टिंग सारखीच. आणि दोघांचा प्रश्नही सारखाच. रेझ्युमे टाकला, पुढे काय?

नेमका हाच प्रश्न साइट चालवणाऱ्यांनाही छळत असतो, फक्त दुसऱ्या बाजूनं. उमेदवार आला, नाव नोंदवलं आणि गेला. आता त्याला परत कसं आणायचं?

मागच्या पानापासून वाचणारे

या धंद्याचं मूळ सापडतं ते एका ऑफिसातल्या सवयीत. संजीव बिखचंदानी १९८९-९० च्या सुमाराला हॉर्लिक्स बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होते. ऑफिसात ‘बिझनेस इंडिया’चा अंक आला, की सहकारी तो मागच्या पानापासून चाळायला सुरुवात करायचे. कारण नोकरीच्या जाहिराती मागे असायच्या! बिखचंदानींनी ही गोष्ट अनेक मुलाखतींत सांगितली आहे. या मंडळींना काही नोकरी सोडायची नव्हती. पण बाजारात आपला भाव काय चाललाय, हे प्रत्येकाला बघायचं होतं.

१९९७ मध्ये त्यांनी ‘नौकरी डॉट कॉम’ सुरू केली, तेव्हा भारतात इंटरनेट असणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. भावाच्या मदतीनं अमेरिकेत सर्व्हर भाड्यानं घेतला आणि वर्तमानपत्रांतल्या हजारेक जाहिराती गोळा करून साइटवर टाकल्या. पुढे २००० मध्ये ‘आयसीआयसीआय’कडून सव्वासात कोटींच्या आसपास भांडवल मिळालं आणि २००६ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली.

म्हणजे लोक नोकरी हवी असते तेव्हाच जाहिराती बघतात, हे काही खरं नाही. नोकरी आहे, पगार वेळेवर होतोय, कॅन्टीनचा चहाही बरा आहे, तरीही आपण डोकावतो. या डोकावणाऱ्यांना धरून ठेवणं, हाच या साइट्सचा खरा उद्योग. २००६ मधली ‘नौकरी’ची ती गाजलेली जाहिरात आठवते? फोनवर बॉसचं ‘हरी साडू’ हे नाव सांगताना एकेका अक्षराला एकेक शेलकं विशेषण चिकटवणारा तो कर्मचारी! त्या जाहिरातीत एकही नोकरी दाखवलेली नव्हती. पण आपला बॉस डोक्यात गेला की कुठल्या साइटवर जायचं, हे मात्र सगळ्यांच्या पक्कं लक्षात राहिलं.

पैसे कोण मोजतं?

आता थोडं गणित समजून घेऊ. आपण साइटवर फुकट नाव नोंदवतो. मग साइट चालते कशावर? कंपन्यांच्या पैशांवर. कंपनी जाहिरात टाकायला पैसे देते आणि उमेदवारांच्या साठ्यात शोध घ्यायलाही पैसे देते. ‘एचआर’वाल्या मॅडम सकाळी कॉम्प्युटर उघडून ‘पुणे, तीन वर्षांचा अनुभव, जावा’ असं टाइप करतात आणि समोर नावांची लांबलचक यादी येते. त्या यादीचे पैसे मोजलेले असतात.

यादीतल्या निम्म्या लोकांनी नंबर बदललाय, पाव लोक कधीच दुसरीकडे लागलेत, असं निघालं तर? मॅडम वैतागणार आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या साइटचा करार करणार. म्हणून साइटला नुसती नावं नकोत, ताजी नावं हवीत. आपण आठवड्यातून एकदा तरी लॉग-इन केलं, फोन नंबर खरा ठेवला, नवा पगार भरला, की त्या साठ्याची किंमत वाढते. थोडक्यात काय, तर दुकानात आपण गिऱ्हाईकही आहोत आणि फळीवर मांडलेला मालही!

याच कंपनीची लग्न जुळवणारी ‘जीवनसाथी’ ही साइटही आहे. तिथे काम फत्ते झालं की माणूस कायमचा जातो, आणि जावा हीच सगळ्यांची इच्छा असते! नोकरीचं तसं नाही. आज लागलेला माणूस दोन-तीन वर्षांनी पुन्हा शोधायला लागतो. मधल्या काळात त्याला आपली आठवण राहावी, म्हणून साइट्स सतत काहीतरी पुढे करत राहतात. कुठल्या कंपनीत किती पगार मिळतो, तिथली माणसं कंपनीबद्दल काय म्हणतात, मुलाखतीत काय विचारतात, नोकरभरती वाढली की घटली. ‘नौकरी’ २००८ पासून दर महिन्याला नोकरभरतीचा ‘जॉबस्पीक’ निर्देशांक काढते, त्यालाही बातम्यांत जागा मिळते. नोकरी नको असलेल्यालाही वाचावंसं वाटेल असं हे खाद्य.

आणि हे जमलं नाही तर काय होतं? ‘मॉन्स्टर’कडे बघा. १९९४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं हे नाव एके काळी ऑनलाइन नोकरीचा समानार्थी शब्द होतं. २००४ मध्ये त्यांनी आपल्याकडची ‘जॉब्जअहेड’ विकत घेतली. पण पुढे लोक दुसरीकडे वळले. भारतातला धंदा २०१८ मध्ये ‘क्वेस’कडे गेला, २०२२ मध्ये त्याचं नाव बदलून ‘फाउंडइट’ झालं. अमेरिकेतल्या मूळ कंपनीनं तर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. साठा कितीही मोठा असो, लोक यायचे थांबले की त्याची रद्दी होते.

जुनं ते सोनं की ताजं ते सोनं?

आपल्या आई-बाबांच्या पिढीला हे सगळं ऐकून हसू येईल. त्यांच्याकडे होतं ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज’चं कार्ड! दहावी-बारावी झाली की पहिलं काम म्हणजे तिथे नाव नोंदवणं. १९५९ च्या कायद्यानं सरकारी कचेऱ्यांना आणि पंचवीस किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिकाम्या जागा एक्स्चेंजला कळवणं बंधनकारक केलं होतं. जागा आली की नोंदणीच्या ज्येष्ठतेप्रमाणे नावं पाठवली जायची. म्हणजे तुम्ही किती आधी नाव नोंदवलं, यावर सगळं अवलंबून. आणि ठरावीक मुदतीत कार्डाचं नूतनीकरण केलं नाही, तर ती ज्येष्ठता गेली!

लोणावळ्याच्या मुलाला हे कार्ड जपण्यासाठी लोकलनं पुणं गाठायचं, रांगेत उभं राहायचं आणि शिक्का मारून परत यायचं, एवढा एक दिवस खर्ची घालावा लागायचा. पण लोक जायचे. वर्षानुवर्षं जायचे. कारण हातातलं काहीतरी गमावण्याची भीती होती. उमेदवाराला बांधून ठेवण्याची इतकी पक्की युक्ती आजच्या कुठल्याही अॅपला सापडलेली नाही! पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की फक्त एक्स्चेंजकडून आलेल्या नावांवर न थांबता वर्तमानपत्रांतूनही जाहिरात द्या, बाकीच्यांनाही संधी द्या. कार्डाचं वजन हळूहळू कमी झालं.

आता उलटा न्याय आहे. साइटवर २०१५ मध्ये नाव नोंदवलंत म्हणून तुम्हाला कोणी मान देत नाही. उलट ‘गेल्या पंधरा दिवसांत सक्रिय’, ‘गेल्या महिन्यात सक्रिय’ अशी चाळणी कंपनीला लावता येते. त्या चाळणीत सहा महिने न फिरकलेला माणूस गळून पडतो, मग तो कितीही हुशार असो. कार्डाच्या काळात जुनं ते सोनं होतं, आता ताजं ते सोनं!

म्हणूनच काही मंडळी रोज सकाळी रेझ्युमेच्या शीर्षकात एक पूर्णविराम घालतात आणि दुसऱ्या दिवशी काढतात. कामात काहीच बदललेलं नसतं, पण ‘अपडेटेड टुडे’ची मोहोर बसते. हसू येतं खरं, पण यात वाईटही वाटतं. रोज पूर्णविराम घालणारा माणूस यादीत वर येतो आणि हॉटेलात बारा तास उभा राहून घरी जाऊन झोपणारा खाली जातो. दोघांत अधिक लायक कोण, हे त्या यादीवरून कळत नाही.

‘पुणे’ म्हणजे नक्की कुठे?

लोणावळ्याच्या उमेदवाराला साइटचा कंटाळा का येतो, याचं एक साधं कारण आहे. नकाशा! साइटवर शहर निवडायचं म्हटलं, की बहुतेक नोकऱ्या ‘पुणे’ या एकाच नावाखाली येतात. आता ‘पुणे’ म्हणजे तळेगाव एमआयडीसी असू शकतं, चाकण असू शकतं, हिंजवडी असू शकतं किंवा थेट खराडी.

लोणावळा ते पुणे स्टेशन हे रेल्वेनं साधारण ६४ किलोमीटर. १९७८ पासून या मार्गावर लोकल धावते आणि मावळातल्या नोकरदारांचा सगळा दिवस तिच्या वेळापत्रकाला बांधलेला असतो. ही काही मुंबईची लोकल नाही, एक गेली की मागून दुसरी! तळेगाव वाटेतच आहे, उतरलं की झालं. पण खराडी? लोणावळ्याहून लोकल, शिवाजीनगरला उतरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची, रामवाडीला उतरायचं आणि पुढे बस किंवा रिक्षा. एका बाजूला दोन तासांच्या वर. रात्री उशिरा शिफ्ट सुटली तर परतीचं काय, हा प्रश्न वेगळाच. मुलगी असेल तर घरातून पहिला प्रश्न तोच येतो. हिंजवडी नकाशावर जवळ दिसते, पण तिथे रेल्वे नाही.

साइटला हे काही माहीत नसतं. ती उत्साहानं रोज सकाळी कळवते, ‘तुमच्यासाठी पुण्यात २५ नव्या नोकऱ्या!’ पहिल्या आठवड्यात आपण सगळ्या उघडून बघतो. दुसऱ्या आठवड्यात चार. तिसऱ्या आठवड्यात टिंग वाजली की अंगठ्यानं बाजूला. माणूस आळशी म्हणून सोडून जात नाही हो. पंचवीसपैकी चोवीस निरोप निरुपयोगी निघाले, की पंचविसाव्यावरचाही विश्वास उडतो.

आणि खुद्द लोणावळ्यातल्या नोकऱ्या? हॉटेल, रिसॉर्ट, बंगले, चिक्कीची दुकानं. इथे पावसाळा आणि शनिवार-रविवार म्हणजे तोबा गर्दी, एरवी शुकशुकाट. वेटर, हाउसकीपिंग, किचनमधला हेल्पर ही माणसं लागतात तीही बरेचदा तातडीनं. ‘उद्यापासून ये’ अशा हिशोबानं. हे काम ओळखीनं होतं, ठेकेदारामार्फत होतं, नाहीतर व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर. अशा कामासाठी दोन पानांचा रेझ्युमे मागणाऱ्या साइटवर कोण बसणार?

ही गोष्ट हेरली ती नव्या अॅप्सनी. मुंबईत २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘अपना’नं रेझ्युमेऐवजी नाव, शिक्षण, कामाचा प्रकार आणि राहण्याचं ठिकाण एवढंच विचारलं आणि एक छोटं ‘व्हिजिटिंग कार्ड’ बनवून दिलं. शिवाय कामाप्रमाणे ग्रुप केले. सुतार सुताराशी बोलतोय, ब्यूटिशियन ब्यूटिशियनशी. नोकरी मिळाली तरी माणूस गप्पांसाठी येतो, इंग्रजी सुधारायला येतो. २०२१ मध्येच या कंपनीची किंमत एक अब्ज डॉलरच्या वर गेली. बिखचंदानींना दिसलेली ‘मागच्या पानाची’ सवयच ही, फक्त या वेळी ऑफिसातल्या टायवाल्यांऐवजी डिलिव्हरी करणाऱ्या आणि काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलांची.

तळेगावचा धडा

‘मला नोकरी आहे, मी कशाला साइटवर जाऊ?’ असं म्हणणाऱ्यांनी तळेगावची गोष्ट जरूर ऐकावी.

‘जनरल मोटर्स’चा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. मावळातल्या कित्येक घरांत पहिल्यांदा ‘मल्टिनॅशनल’चा पगार आला. तळेगावात फ्लॅट बुक झाले, मुलं इंग्रजी शाळेत गेली. २०१७ मध्ये कंपनीनं भारतात गाड्या विकणं थांबवलं, पण तळेगावातून निर्यात चालू होती, म्हणून कामही चालू होतं. डिसेंबर २०२० मध्ये शेवटची गाडी बाहेर पडली आणि उत्पादन बंद झालं. हजाराहून जास्त कामगारांचा प्रश्न उभा राहिला. एका चिनी कंपनीशी विक्रीची बोलणी झाली होती, ती बारगळली. अखेर २०२३ मध्ये ‘ह्युंदाई’नं कारखाना घेण्याचा करार केला.

म्हणजे एका कारखान्याच्या फाटकावरची पाटी बदलायला तीन वर्षं लागली. तीन वर्षं! तोवर घराचा हप्ता थांबत नाही. बारा वर्षं एकाच लाइनवर काम केलेल्या माणसाला अशा वेळी पहिल्यांदाच रेझ्युमे लिहायला बसावं लागतं. ई-मेलचा पासवर्ड आठवत नाही, साइटवरचं प्रोफाइल असलंच तर ‘ट्रेनी’ म्हणून भरलेलं. आणि त्याच आठवड्यात त्याच गावातले शेकडो जण त्याच कामासाठी त्याच बटणावर क्लिक करत असतात. साइटवर यायची सर्वांत वाईट वेळ कुठली? सगळेच एकदम येतात ती!

दुसरा धडा सप्टेंबर २०२२ चा. ‘वेदांता-फॉक्सकॉन’चा सेमीकंडक्टर प्रकल्प तळेगावला येणार, लाखभर रोजगार मिळणार अशी चर्चा रंगली होती. प्रत्यक्षात करार गुजरातशी झाला आणि महाराष्ट्रात राजकारण तापलं. पुढे जुलै २०२३ मध्ये ‘फॉक्सकॉन’च त्या भागीदारीतून बाहेर पडली. ज्या पोरांनी ‘आता आपल्याच गावात काम’ म्हणून वाट बघितली, त्यांना कुठल्याही ‘अॅलर्ट’नं कळवलं नाही की आता थांबू नका म्हणून.

नोकरी असताना महिन्यातून अर्धा तास बाजाराकडे बघणं म्हणजे काही गद्दारी नव्हे. तो स्वतःचा विमा आहे. हप्ता फक्त अर्ध्या तासाचा.

सरकारी साइटला गर्दी कधी होते?

सरकारही या खेळात आहे बरं का! केंद्राची ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’ जुलै २०१५ मध्ये सुरू झाली, आणि आपल्या राज्याचं ‘महास्वयं’ पोर्टल आहेच. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजची नोंदणी आता तिथेच होते. दोन्हीकडे फुकट. तरी आपल्यापैकी किती जणांनी ती उघडून पाहिलीत?

पण २०२४ च्या पावसाळ्यात ‘महास्वयं’कडे एकदम सगळ्यांच्या नजरा वळल्या. कारण ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’! बारावी पास असाल तर महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर ८ हजार, पदवीधर असाल तर १० हजार रुपये विद्यावेतन. सुरुवातीला मुदत सहा महिने. त्यासाठी नोंदणी याच पोर्टलवर. ज्या साइटकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, तिथे सायबर कॅफेत बसून फॉर्म भरणं सुरू झालं.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. लोकांना ओढून आणायला चकचकीत डिझाइन लागत नाही. तिथे गेल्यावर खरोखर काहीतरी हाती लागतं, एवढं कळलं की पुरे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. प्रशिक्षणाचे महिने संपले की पुढे काय? मुदत वाढली, तरी ‘आम्हाला कायम करा’ म्हणून प्रशिक्षणार्थींना आंदोलनं करावी लागली. योजनेनं माणसाला पोर्टलवर आणलं. पण पुढच्या नोकरीपर्यंत बोट धरून नेलं नाही, तर तो पुन्हा का येईल?

टिंग टिंग आणि तगमग

आता खासगी साइट्सच्या युक्त्या बघू. ‘तुमचं प्रोफाइल ७० टक्के पूर्ण आहे’ ही पहिली. उरलेले तीस टक्के आपल्याला शाळेतल्या अपुऱ्या गृहपाठासारखे टोचत राहतात. ‘या आठवड्यात चार जणांनी तुमचं प्रोफाइल पाहिलं’ ही दुसरी. कोण ते चौघं? ते बघायला लॉग-इन करा, कुठेकुठे तर पैसे भरा! ‘तुमच्यासारख्या शंभर जणांनी इथे अर्ज केला’ ही तिसरी. आणि एका क्लिकमध्ये अर्ज, ही चौथी.

ही चौथी युक्ती वरवर सोयीची, पण तिनंच सगळा घोळ केलाय. अर्ज करणं इतकं सोपं झालं, की एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात. मग कंपनी ते वाचत नाही, चाळणी लावते. उत्तर येत नाही म्हणून आपण आणखी पन्नास अर्ज टाकतो. मग चाळणी आणखी बारीक होते. दोन्हीकडचे लोक दमतात. साइटच्या तक्त्यात मात्र ‘एकूण अर्ज’ वाढत राहतात आणि आकडा झकास दिसतो!

शिवाय काही जाहिराती भरून झालेल्या जागांच्या असतात, काही नुसत्या ‘पुढेमागे लागतील’ म्हणून टाकलेल्या. आणि काही तर सरळ फसवणूक. ‘तुमचा रेझ्युमे मोठ्या कंपनीनं निवडलाय, नोंदणीसाठी अमुक रुपये भरा.’ महिनाभर उत्तराची वाट बघून कातावलेला माणूस अशा निरोपाला लवकर भुलतो. म्हणून हा प्रश्न नुसता साइटच्या नफ्याचा नाही. जो माणूस आशेवर टांगलेला असतो, त्याच्याच खिशात हात घालायला सोपं जातं.

एक साधं उत्तर

मग माणूस टिकतो कशानं? ‘नाही’ म्हटल्यानंसुद्धा टिकतो! तुमचा अर्ज उघडला, वाचला, या वेळी जमत नाही, कारण तीन वर्षांचा अनुभव हवा होता. एवढं दोन ओळींत कळलं, तरी माणसाला आपण भिंतीशी बोलत नाही असं वाटतं. काही साइट्सवर अर्ज उघडला की नाही, हे आता दिसतं. पण ‘पाहिला’ आणि ‘नाकारला’ यांच्यामधली शांतता अजून तशीच आहे. आणि ती मोडणं काही साइटच्या एकटीच्या हातात नाही. ते काम ‘एचआर’मध्ये बसलेल्या आपल्यातल्याच मित्रमैत्रिणींचं आहे. जाहिरात भरली की काढून टाका. जागेचं खरं ठिकाण लिहा, ‘पुणे’ नको, ‘तळेगाव एमआयडीसी, फेज अमुक’ असं. शिफ्ट कधी सुटते आणि कंपनीची बस कुठपर्यंत येते, तेही लिहा. लोणावळ्याचा मुलगा पंचवीस निरोप मागत नाहीये. त्याला शेवटच्या लोकलच्या आत घरी पोचवणारा एक हवाय.

आणि आपण उमेदवारांनी काय करायचं? साइटवर राहायचं, पण साइटला लटकायचं नाही. कसं, ते पुढच्या चौकटीत!

साइटवर टिका, पण लटकू नका!

• वार ठरवा. नोकरी असेल तर महिन्यातून एकदा अर्धा तास, शोधत असाल तर आठवड्यातून तीनदा एकेक तास. उरलेला वेळ अॅपच्या टिंग टिंग बंद.

• अपडेट खरं करा. पूर्णविराम घालण्यापेक्षा गेल्या महिन्यात शिकलेली एक गोष्ट लिहा. नवं मशीन, नवं सॉफ्टवेअर, सांभाळलेली शिफ्ट, काहीही.

• ठिकाण नेमकं भरा. ‘पुणे’बरोबर तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवड असे वेगवेगळे शब्द टाकून शोधा आणि त्या शब्दांचे अॅलर्ट लावा. किती लांब जाऊ शकता, ते आधी स्वतःशी ठरवा.

• अर्ज कमी, पण वाचून. दिवसाला पन्नास क्लिक करण्यापेक्षा आठवड्याला पाच अर्ज करा. प्रत्येक अर्जात त्या कामाशी जुळणाऱ्या दोन ओळी घाला.

• हिशोब ठेवा. कुठे, कधी अर्ज केला आणि काय उत्तर आलं, एका वहीत लिहा. ज्या साइटवरून दोन महिन्यांत एकही फोन नाही, तिचा नाद सोडा.

• फोन नंबर आणि ई-मेल स्वतःचा द्या. कंपनीचा ई-मेल तर अजिबात नको. नोकरी गेली की तोही जातो!

• पैसे मागितले की फोन ठेवा. नोंदणी, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कारण कुठलंही असो. मुलाखतीआधी पैसे मागणारी नोकरी ही नोकरी नव्हे.

• ‘महास्वयं’ आणि ‘नॅशनल करिअर सर्व्हिस’वरही नाव असू द्या. फुकट आहे, आणि सरकारी योजना आल्या तर धावपळ होत नाही.

• नोकरी लागली की प्रोफाइल बदला. जुना पगार आणि जुनं पद तसंच ठेवलंत, तर दोन वर्षांनी जुन्याच भावानं फोन येतील.

• आणि ऑफसाइटला गेल्यावर बॉसच्या शेजारी बसून अपडेट करू नका. स्क्रीन त्यालाही दिसते!